भन्तेंची वीस मिनिटं

"आणि तरीही थांबले नाहीत तर?"

"तर माईक बंद," हर्षदीप म्हणाला.

"बोलता बोलता?"

"बोलता बोलता."

भन्ते विनयशील हसले नाहीत, रागावलेही नाहीत. टेकडीवरच्या विहाराच्या ओट्यावर बसून ते समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. पडदा लहान टीव्हीएवढा होता. त्यावर मोठाले हिरवे आकडे होते आणि ते एकेक करून कमी होत होते.

हर्षदीप बोरकर नागपूरहून आला होता. सभा, परिषदा, संमेलनं, जिथं जिथं माणसं मंचावर चढून बोलतात, तिथं तिथं वेळ सांभाळणं हा त्याचा धंदा होता. बोरकरांच्या हातात दिलेला कार्यक्रम लांबत नाही, असं लोक म्हणत. हे वाक्य त्याला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायला आवडे. कुणी म्हणालं नाही तर तो स्वतःच म्हणे.

कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात तो याच टेकडीवरच्या शिबिरात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होऊन राहिला होता. डोकं मुंडवून, चीवर नेसून. पहाटेची घंटा व्हायच्या आधी उठून बसलेला असे तो एकटाच. शिबिरभर तो वाट बघत होता, की भन्ते कधीतरी याबद्दल काही म्हणतील.

भन्ते काही म्हणाले नव्हते.

आता इतक्या वर्षांनी त्यांनी स्वतः निरोप धाडून त्याला बोलावलं होतं.

"हिरवं म्हणजे बोला," हर्षदीप समजावून सांगत होता. "पिवळं झालं की आवरायला घ्या. लाल झालं की संपलं. मग हे वाजतं."

त्याने बटण दाबलं. पडदा लाल झाला आणि टूं-टूं-टूं असा आवाज टेकडीवर घुमला. विहाराच्या शिखरावरची कबुतरं उडाली.

भन्तेंनी कबुतरं परत बसेपर्यंत वाट पाहिली.

"हे आकडे कुणाकुणाला दिसतात?"

"बोलणाऱ्याला. आणि मला."

"बरं."

"एकच अट आहे, भन्तेजी," हर्षदीप म्हणाला. "अपवाद करायचा नाही. एकाला सोडलं की दुसरा हक्काने मागतो. मी मोठमोठ्यांचे माईक बंद केलेत. उद्या मंचावर कुणीही असो."

"मी असलो तरी?"



"तुम्ही असलात तरी."

"चालेल," भन्ते म्हणाले.

…

त्याला बोलावण्याचं कारण साधं होतं.

भिक्खू दिवस माथ्यावर यायच्या आत जेवतात. मध्यान्ह टळली की दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. विहाराच्या वर्धापनदिनाला आसपासच्या गावांतले भिक्खू येत आणि वस्तीतल्या बाया पहाटेपासून चुली पेटवून त्यांच्यासाठी रांधत. गेल्या वर्षी पुढाऱ्यांची भाषणं लांबली. एकाने दुसऱ्याचं कौतुक केलं, दुसऱ्याने त्याची परतफेड केली, आणि दिवस माथ्यावरून कलला. भिक्खू न जेवता उठले. बायांनी भरलेली पातेली तशीच डोक्यावर घेऊन टेकडी उतरली. त्यातल्या कित्येकींनी त्या दिवशी घरी जाऊन स्वतःही काही खाल्लं नाही.

म्हणून या वर्षी हर्षदीप.

…

सकाळी मांडव भरला. मंचाच्या कडेला, बोलणाऱ्याच्या नजरेसमोर, पडदा लावलेला होता. हर्षदीप मंचाखाली बसला होता. त्याच्या मांडीवरच्या छोट्या यंत्रातही तेच आकडे पळत होते.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एक म्हातारी काठी टेकत त्याच्यापाशी आली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, कान जरा जड.

"बापू, मले किती बोलाचं हाय?"

हर्षदीपने कार्यपत्रिकेवर बोट फिरवलं. पारबताबाई शेंडे, मनोगत.

"पाच मिनिटं, आजी. समोर लाल दिसलं की थांबायचं."

"लाल दिसलं का थांबाचं," म्हातारी म्हणाली. परत जातानाही ती तेच पुटपुटत होती. "लाल दिसलं का थांबाचं…"

वंदना झाली. स्वागत झालं. मग माजी सभापती उठले.

त्यांनी मंचावरच्या एकेका माणसाचं नाव घेऊन त्याच्यापुढे आदरणीय, सन्माननीय, कर्तव्यदक्ष असे शब्द लावायला सुरुवात केली. हिरव्याचं पिवळं झालं तेव्हा ते मंचाच्या मध्यापर्यंत पोचले होते. पिवळ्याचं लाल झालं तेव्हा दोन कर्तव्यदक्ष अजून शिल्लक होते.

टूं-टूं-टूं.

सभापतींनी पडद्याकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि आवाज चढवला. हर्षदीपने बटण दाबलं. चढलेला आवाज एकाएकी बारीक झाला. सभापतींचे ओठ थोडा वेळ हलत राहिले.

मांडव खो-खो हसला. मग टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या सभापतींना भाषणाला कधी पडल्या नसतील. तेही शेवटी हसले आणि जाऊन बसले.

हर्षदीपने मान वर करून भन्तेंकडे पाहिलं. भन्तेंचे डोळे मिटलेले होते.

त्यानंतर कुणाचीच छाती झाली नाही. जो तो पडद्याकडे बघत बोलला, पिवळं होताच आवरायला लागला आणि लाल व्हायच्या आत खाली उतरला. मांडवामागून फोडणीचा वास येत होता. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि हर्षदीप मनातून खूश होता.

"आता पारबताबाई शेंडे यांनी दोन शब्द बोलावेत," सूत्रसंचालक म्हणाला.

हे विहार बांधलं तेव्हा टेकडीवर रस्ता नव्हता. वस्तीतल्या बाया दिवसभर दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवून येत आणि मग अंधार पडेपर्यंत डोक्यावरून विटा वर वाहत. नदीतली रेती वाहत, पाणी वाहत. त्यांतल्या बहुतेक आता राहिल्या नव्हत्या. ज्या राहिल्या होत्या त्यांतल्या स्वतःच्या पायांनी टेकडी चढू शकणारी पारबताबाई एकटीच.

तिला दोघांनी धरून मंचावर चढवलं. माईक तिच्या तोंडापर्यंत खाली घ्यावा लागला.

"मले भाषन येत नाही जी," ती म्हणाली. "ज्या इटा वाह्याच्या, त्याईचे नावं सांगते."

आणि ती नावं सांगू लागली.

"ठमाबाई मेश्राम…"

ती थांबली. मांडवाकडे पाहिलं. मग दुसरं नाव.

"सुगंधाबाई… भागरथाबाई, वरच्या आळीची…"

प्रत्येक नावानंतर ती तशीच थांबे. हर्षदीपला अशी माणसं ठाऊक होती. मंचाची सवय नसते, पुढचं आठवत नाही, शब्दाशब्दाला अडखळतात. निम्मा वेळ तर या थांबण्यातच जातो. त्याने मांडीवरच्या आकड्यांवरून नजर हलवली नाही.

पिवळं झालं.

"सोनाबाई… तिची सासू राजाबाई… दोघी संगंच याच्या…"

मागं मांडवात काहीतरी सळसळ होत होती. पोरं खेळत असतील, असं त्याला वाटलं.

"कौतिका—"

टूं-टूं-टूं.

म्हातारीने पडद्याकडे पाहिलं. पडदा लाल होता. तिने तोंड मिटलं, पडद्यालाच हात जोडले आणि काठी शोधू लागली.

माईक बंद करायचीसुद्धा गरज पडली नाही. हर्षदीपच्या मनात आलं, एवढ्या शिकल्यासवरल्या वक्त्यांत वेळ पाळावी ती या म्हातारीने.

टाळ्या मात्र फार पडल्या नाहीत.

…

"यानंतर पूज्य भन्तेजींची धम्मदेसना."

वीस मिनिटं. ती संपली की भोजनदान. दिवस माथ्यावर यायला अजून अवकाश होता. हर्षदीपने भन्ते आसनावर बसतील म्हणून वाट पाहिली. ते माईकपाशी येऊन उभेच राहिले आणि त्याच्याकडे बघू लागले.

त्याच्या लक्षात आलं, ते सुरू करायची वाट बघत होते. त्याने बटण दाबलं. आकडे हिरवे झाले.

भन्तेंनी माईक स्टँडवरून काढला. तो हातात घेऊन ते मंचाच्या पायऱ्या उतरले.

हर्षदीपसमोर मंच रिकामा राहिला. मांडीवर आकडे पळत होते आणि बोलणारा कुठं दिसत नव्हता. त्याला खुर्चीत मागं वळावं लागलं.

सकाळपासून तो पहिल्यांदाच वळला होता.

भन्ते बायांच्या बाजूला गेले होते. पारबताबाई पहिल्याच रांगेत सतरंजीवर बसली होती. भिक्खू बाईच्या हातात काही देत नाहीत. भन्ते खाली वाकले, माईक तिच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवला आणि चार पावलं मागं सरून उभे राहिले.

म्हातारीला कळेना. तिने माईककडे पाहिलं, भन्तेंकडे पाहिलं.

"माही वेळ तं झाली, भन्तेजी," ती म्हणाली. माईक खाली होता तरी तो आवाज सगळ्यांना ऐकू आला, एवढा मांडव शांत होता. "लाल झालं नं."

"माझी सुरू आहे," भन्ते म्हणाले.

…

शेजारच्या बाईने माईक उचलून म्हातारीच्या तोंडापुढे धरला.

"कौतिकाबाई रामटेके," पारबताबाई म्हणाली. आणि थांबली.

मांडवाच्या मधोमध एक बाई उठली. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि ती तशीच उभी राहिली.

तेव्हा हर्षदीपला दिसलं, की आणखीही माणसं उभी आहेत. इथं एक पुरुष, तिथं दोघी बहिणी असाव्यात अशा बाया, खांबापाशी आख्खं एक कुटुंब. ठमाबाईची, सुगंधाबाईची, भागरथाबाईची माणसं. ती मघाच उठली होती आणि अजून बसलीच नव्हती.

म्हातारी विसरत नव्हती. नाव घेतलं की त्या घरचं कुणी उठेपर्यंत ती थांबत होती.

"अंजनाबाई…"

दूर कडेला एक म्हातारा उठायचा प्रयत्न करू लागला. शेजाऱ्याने त्याला हात दिला. पारबताबाई तो पुरता उभा राहीपर्यंत थांबली. मग पुढचं नाव.

एका नावाला कुणीच उठलं नाही. म्हातारीने मांडवभर नजर फिरवली. दुसऱ्यांदा नाव घेतलं.

"लहानूबाई…"

कुणी नाही. तेव्हा म्हातारी स्वतःच काठीचा आधार घेऊन उठली, लहानूबाईसाठी हात जोडून उभी राहिली आणि उरलेली नावं तिने उभ्यानेच घेतली.

शेवटचं नाव झालं तेव्हा अर्धाअधिक मांडव उभा होता.

"बस," पारबताबाई म्हणाली. "एवढ्याच होत्या."

हर्षदीपने मांडीकडे पाहिलं. भन्तेंच्या वेळेतली काही मिनिटं अजून शिल्लक होती. आता ते माईक घेतील, निदान दोन वाक्यं बोलतील, असं त्याला वाटलं.

भन्तेंनी माईक घेतला नाही.

मांडवामागं चुलीत लाकूड तडकलं. कुणाचं तरी तान्हं रडलं आणि गप्प झालं. उभी असलेली माणसं उभीच होती.

रिकामा वेळ हर्षदीपला सोसत नसे. त्याच्या धंद्यात ती सर्वांत वाईट गोष्ट. त्याने दोनदा भन्तेंना खूण केली. भन्ते बायांच्या रांगांपुढं हात जोडून उभे होते. त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहूनही सोडून दिलं.

आकडे पिवळे झाले. मग लाल.

टूं-टूं-टूं.

भन्तेंनी हात सोडले.

"जेवायला बसू या," ते म्हणाले.

…

दिवस माथ्यावर यायच्या आत सगळे भिक्खू जेवले. बायांनी आग्रह करकरून वाढलं. पातेली तळापर्यंत रिकामी झाली. मग बाकीच्या पंगती बसल्या.

आयोजकांपैकी दोघा-तिघांनी येऊन हर्षदीपचा हात हातात घेतला. "मानलं बुवा तुम्हाला," ते म्हणाले. सभापतींनीसुद्धा पाठीवर थाप मारली.

हर्षदीपला दर वेळी होतो तसा आनंद होईना. तो पंगतीत बसला होता आणि भात नुसता चिवडत होता.

वाढत वाढत ती बाई त्याच्यासमोर आली. मांडवाच्या मधोमध उठलेली. तिचं नाव विमल, हे तिला कुणीतरी हाक मारली तेव्हा त्याला कळलं.

"ताई," तो म्हणाला, "कौतिकाबाई तुमच्या कोण?"

"माय," ती म्हणाली. "भाजी घ्या नं."

"पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं, तेव्हा तुम्ही…"

"उठली होती नं. अर्धी उठली होती, अन् ते तुमचं वाजलं." ती जराशी हसली. "उभं राहाव का बसाव, समजेच ना. सारे माह्याकडंच पाहात. मंग बसली."



"मायचं नाव कधी माईकवर आलं नव्हतं जी. वाटलं, आलं अन् गेलं बी." तिने न विचारताच त्याच्या पानात भाजी वाढली. "पन मंग आलं."

ती पुढच्या पानाकडे वळली.

हर्षदीपने पान संपवलं. टाकून उठायची त्याला हिंमत झाली नाही.

…

दुपारी मांडव रिकामा झाला. सतरंज्यांच्या घड्या होत होत्या. भन्ते मंचाच्या पायरीवर एकटेच बसले होते. हर्षदीप त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"माझं चुकलं का, भन्तेजी?"

"नाही."

त्याला या उत्तराने बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

"पाच मिनिटं मीच ठरवली होती. त्यांना थोडी जास्त दिली असती तर…"

"किती?"

हर्षदीपने पडद्याकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी मी हा पडदा आणतच नाही," तो म्हणाला.

"आणायचा. नाहीतर सभापती आमचं जेवण खातील."

"मग सभापतींसाठी लावतो. पारबताबाईंच्या वेळी बंद ठेवतो."

"आणि सभापती नावं वाचायला लागले तर?"

हर्षदीपला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"लाव म्हणता, आणि बंद ठेवू नको म्हणता," तो म्हणाला. "नियम मी मोडला नाही. तुम्हीही मोडला नाहीत. तुम्ही तर माझ्या आवाजाला थांबलात. सगळं वेळेत झालं. आणि तरी त्या बाईला मी अर्ध्या उठण्यातून खाली बसवलं. मला ते कळलंसुद्धा नाही."



"तेच विचारतोय, भन्तेजी. कुठं थांबवायचं आणि कुठं नाही, हे कुणी कसं ओळखायचं?"

…

भन्ते पायरीवरून उठले.

हर्षदीप दिवसभर बसला होता ती खुर्ची अजून जागची हलली नव्हती. तिचं तोंड मंचाकडे होतं, पाठ मांडवाकडे. भन्ते सावकाश चालत गेले आणि त्या खुर्चीत बसले. समोर मंचाच्या कडेला पडदा अंधारलेला होता. त्याच्याकडे बघत ते बसून राहिले.

हर्षदीप त्यांच्यामागं येऊन उभा राहिला. उत्तराची वाट पाहू लागला.

 कबुतरं मांडवात उतरून सांडलेली शितं टिपू लागली.

"भन्तेजी…" शेवटी तो म्हणाला.

भन्तेंनी मान वळवली नाही.

"मागं कोण आहे?" त्यांनी विचारलं.